काळ्या मेणकापडावरची माणसे

विसाव्या शतकाच्या आरंभी तिफ्लिसच्या रेल्वे स्थानकामागील गल्ल्यांमध्ये दारूचे गुत्ते आणि खानावळी दाटीवाटीने उभ्या होत्या. आज तिबिलिसी या नावाने ओळखली जाणारी ही जॉर्जियाची राजधानी तेव्हा रशियन साम्राज्याच्या कॉकेशस प्रांताचे मुख्य ठाणे होती. या गुत्त्यांना तेथे ‘दुकानी’ म्हणत. शब्द ओळखीचा वाटला तर नवल नाही. अरबी-फारसीच्या ज्या वाटेने ‘दुकान’ मराठीत आले, त्याच वाटेने ते जॉर्जियन भाषेतही पोहोचले. मालधक्क्यावरचे हमाल, गाडीवान, काखेतीच्या खेड्यांतून वाइन विकायला आलेले शेतकरी, डोक्यावर पाट्या घेऊन फळे विकत हिंडणारे ‘किंतो’ अशी तिथली गिऱ्हाइके. अंधाऱ्या, धुरकट खोल्यांच्या भिंतींवर मोठमोठी चित्रे लावलेली असत. कोणात टेबलाभोवती बसलेली मंडळी शिंगातून वाइन पीत आहेत, कोणात लाल सदऱ्यातला कोळी गुडघाभर पाण्यात उभा आहे, कोणात गवळण गाईची धार काढते आहे. गिऱ्हाईक आत येई, बसे, पिई, भिंतीकडे पाही. भिंतीवर त्याला आपल्यासारखाच कोणीतरी दिसे. चित्रकार कोण, हे विचारण्याची गरज कोणाला पडत नसे, कारण तो बहुधा तिथेच एका कोपऱ्यात बसलेला असे.

हा चित्रकार म्हणजे निको पिरोस्मानी. जॉर्जियात आज त्याचे नाव ठाऊक नाही असे मूल सापडणार नाही. मात्र त्याच्याविषयी जे सांगितले जाते, त्यात चरित्र किती आणि दंतकथा किती, हे निवडताना अभ्यासकांची पिढ्यान्‌पिढ्या दमछाक झाली आहे. त्याने स्वतःविषयी फारसे काही लिहून ठेवले नाही. त्याची छायाचित्रेही मोजकीच. उरली ती गुत्तेवाल्यांच्या, शेजाऱ्यांच्या, दूधवाल्या भागीदाराच्या आठवणींची गोधडी, आणि दोनशेच्या आसपास चित्रे.

त्याचे पूर्ण नाव निकोलोझ पिरोस्मानाश्विली. जन्म पूर्व जॉर्जियातील काखेती या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात, मिर्झानी गावी झाला. जन्मवर्ष साधारणपणे १८६२ मानले जाते. वडील अस्लान हे छोटे शेतकरी. थोडीशी बाग, थोडी गुरे. आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी हा मुलगा तिफ्लिसला आला. कालांतारोव नावाच्या एका सुखवस्तू आर्मेनियन कुटुंबाने त्याला आश्रय दिला. त्या घरात त्याचे स्थान नेमके कोणते होते, हे सांगणे कठीण. नोकर म्हणावे तर तो घरच्यांबरोबर वाढला. घरचा म्हणावे तर त्याला वाटा कशातच नव्हता. जॉर्जियन आणि रशियन लिहा-वाचायला तो तिथेच शिकला. शाळा नाही आणि चित्रकलेचा गुरू तर नाहीच. कागद, भिंत, जे मिळेल त्यावर रेघोट्या ओढणाऱ्या या मुलाचे घरच्यांना कौतुक होते, पण ते कौतुकाच्या पुढे गेले नाही. तरुण वयात घरातल्याच एका विधवा स्त्रीवर त्याचे मन जडले, त्याने तिला पत्र लिहिले आणि त्यानंतर त्याला ते घर सोडावे लागले, असे सांगितले जाते. खरे-खोटे काही असो, पुढच्या सगळ्या आयुष्यात या माणसाला पुन्हा घर म्हणावे असे घर मिळाले नाही.

१८८२ मध्ये गिगो झाझियाश्विली या त्याच्यासारख्याच स्वयंशिक्षित रंगाऱ्याबरोबर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा व्यवसाय सुरू केला. तो चालला नाही. १८९० मध्ये तो रेल्वेत लागला. मालगाड्यांवर ब्रेक आवळणाऱ्या कामगाराचे हे काम होते. उघड्या फलाटावर उभे राहून डोंगरदऱ्यांतून हिवाळ्यात प्रवास करायचा, तोही अशक्त प्रकृतीच्या माणसाने. कामावर वेळेत हजर न राहिल्याबद्दल त्याला वारंवार दंड झाले आणि तीन-चार वर्षांत ही नोकरी संपली. मग दिमित्री अलुगिश्विली याच्या भागीदारीत त्याने दुधाचे दुकान थाटले. दुकानाच्या दर्शनी भागावर त्याने गाई रंगवल्या. धंदा बरा चालू लागला. मिर्झानीत बहिणीसाठी त्याने घरही बांधून दिले. ते आजही तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळते. एखाद्या सामान्य माणसाचे आयुष्य येथून मार्गी लागले असते. पण पिरोस्मानीचे लक्ष दुधात नव्हते. दुकान भागीदारावर सोडून तो चित्रे काढत बसे, किंवा नुसताच बसे. १९०१ च्या सुमारास त्याने दुकान सोडले. भांडण-तंटा झाला नाही. तो फक्त दुकानात यायचा थांबला.

त्यानंतरची साधारण पंधरा वर्षे म्हणजे चित्रकार पिरोस्मानीचा खरा काळ. वय चाळिशीला टेकलेले, हातात एक छोटी पेटी, पेटीत कुंचले आणि रंग. स्थानकाच्या परिसरातल्या एका गुत्त्यातून दुसऱ्या गुत्त्यात तो फिरत असे. मालक सांगेल ते चित्र काढून द्यायचे. मोबदला म्हणून जेवण, दारू, रंगापुरते पैसे आणि कधी रात्रीपुरते छप्पर. पाट्या रंगवायच्या, दारावर नंबर लिहायचे, भिंतींना चुना द्यायचा, यांपैकी कोणत्याही कामाला त्याने कमी लेखले नाही. तरीही त्याच्या वागण्यात असा काही दिमाख होता की लोक त्याला गमतीने ‘काउंट’ म्हणत. जुनापुराणा असला तरी युरोपीय पद्धतीचा कोट, डोक्यावर मऊ फेल्टची टोपी, बोलणे मोजके आणि अदबीचे. बेगो याक्सिएव्ह नावाच्या गुत्तेवाल्याने त्याला बराच काळ आपल्याकडे ठेवून घेतले. या बेगोची आणि त्याच्या मित्रमंडळींची मैफल पिरोस्मानीने चित्रात अमर केली आहे. एका मालकाने चित्राच्या कोपऱ्यात ससा हवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा चित्रात सशाचे काहीही काम नसताना पिरोस्मानीने तो मुकाट्याने रंगवून दिला, अशी आठवण सांगतात. मालकाचे मन राखण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. मात्र एका जागी कायमचा पगार घेऊन राहा, असे कोणी म्हटले की तो दुसऱ्या दिवशी दिसेनासा होई.

त्याच्या चित्रांची जादू कशात आहे, हे समजायला ती कशावर काढली आहेत हे आधी पाहावे लागते. पुठ्ठा, पत्रा यांवरही त्याने काम केले, पण त्याचे आवडते साधन होते काळे मेणकापड. गुत्त्याच्या टेबलावरचे कापड ओढून त्यावर तो चित्रे काढी, ही समजूत चित्तवेधक असली तरी अभ्यासक ती मान्य करत नाहीत. काळा रंग त्याने जाणूनबुजून निवडला होता. कॅनव्हासवर काम करणारा चित्रकार पांढऱ्यावर सावल्या चढवत जातो; पिरोस्मानी अंधारातून उजेड बाहेर काढतो. माणसाचा काळा कोट, घोड्याचे अंग, रात्रीचे आकाश, डोळ्यांची बुबुळे, मिशा हे सारे तो रंगवतच नाही. तिथे मेणकापड तसेच मोकळे सोडलेले असते. भोवताली पांढरा, पिवळा, हिरवा, निळा असे मोजके रंग झपाट्याने लावले की मधला काळा भाग आपोआप आकार घेतो. यामुळे काम लवकर होई, रंगही कमी लागे. गरिबीने शिकवलेली ही काटकसर त्याच्या शैलीचा प्राण ठरली. या काळ्या पृष्ठभागामुळेच त्याची माणसे दिव्याच्या उजेडात अचानक समोर आल्यासारखी वाटतात.

दुसरी गोष्ट त्यांच्या उभे राहण्याची. पिरोस्मानीची माणसे बहुतेक वेळा थेट समोर पाहतात. हसत नाहीत, रडत नाहीत, काही घडत असल्याचा आव आणत नाहीत. शरीररचनेच्या चुका शोधायला बसले तर पुष्कळ सापडतील. हात आखूड, पाय जड, टेबल एका कोनातून तर त्यावरची ताटे दुसऱ्याच कोनातून. म्हणून त्याला ‘भाबडा’ चित्रकार म्हणण्याची प्रथा पडली. ती पूर्णपणे न्याय्य नाही. जॉर्जियातील जुन्या चर्चच्या भिंतींवर संत आणि राजे असेच समोर पाहत, असेच स्तब्ध उभे असतात. पिरोस्मानीने अकादमी पाहिली नव्हती, पण ही चर्च पाहिली होती. तिफ्लिसमध्ये पर्शियन धर्तीची व्यक्तिचित्रे होती, शेकडो रंगाऱ्यांनी रंगवलेल्या पाट्या होत्या. त्याचे शिक्षण झाले ते या रस्त्यांवरच्या शाळेत. फरक एवढाच, की संतांसाठी राखून ठेवलेली ती स्तब्धता आणि तो मान त्याने आवारातल्या झाडूवाल्याला दिला.

हा झाडूवाला एकदा पाहिला की विसरता येत नाही. काळ्यावर काळा असा तो उभा आहे. छातीवर नोकरीचा बिल्ला, चेहरा थकलेला, नजर सरळ. त्याच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यातला स्वयंपाकी आठवावा, उंट हाकणारा तातार आठवावा, गाढवावर बसून रोग्याकडे निघालेला डॉक्टर आठवावा. कोळ्याच्या चित्रातला लाल सदरा तर असा काही पेटलेला आहे की पुढची अनेक वर्षे जॉर्जियन चित्रकारांना लाल रंग वापरताना त्याची आठवण झाल्याशिवाय राहिली नसेल. ही माणसे करुणेची याचना करत नाहीत. गरिबांची चित्रे काढणारे त्या काळी युरोपात पुष्कळ होते. बहुतेकांच्या चित्रांत पाहणारा वर असतो आणि पाहिला जाणारा खाली. पिरोस्मानी स्वतःच खाली असल्याने त्याला हा कोन माहीतच नव्हता.

एकाच चित्रात मात्र त्याने उघडपणे बाजू घेतली आहे. निपुत्रिक लक्षाधीश आणि लेकुरवाळी गरीब स्त्री असे त्या चित्राचे नाव. एका बाजूला नटूनथटून आलेले श्रीमंत जोडपे, दुसऱ्या बाजूला मुलांनी वेढलेली आई. कोणाकडे काय आहे आणि काय नाही, हे तो दोन आकृतिसमूह शेजारीशेजारी ठेवून सांगतो. पुस्तकी समीक्षकाला यात ढोबळपणा दिसेल. गुत्त्यातल्या गिऱ्हाइकाला ती आपल्या घरचीच गोष्ट वाटली असणार.

मेजवान्यांची चित्रे हा त्याच्या कामाचा सर्वात मोठा आणि सर्वात मागणी असलेला भाग. जॉर्जियन माणसाच्या आयुष्यात मेजवानीला, ‘सुप्रा’ला, जवळजवळ धार्मिक विधीचे स्थान आहे. ‘तमादा’ नावाचा मेजवानीचा सूत्रधार एकेक संकल्प बोलतो आणि मंडळी पेला उंचावून पितात. जित्यांसाठी, मेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी, मातीसाठी. पिरोस्मानीच्या मेजवान्यांत पांढरे टेबल चित्राच्या मध्यावर आडवे पसरलेले असते आणि मंडळी त्यामागे ओळीने बसलेली असतात. समोर लांबट पाव, मासा, मुळे, हिरवा पाला, वाइनचे बुधले. प्रत्येक वस्तू सुटी, स्वच्छ, मोजून घ्यावी अशी मांडलेली. अर्धपोटी राहणाऱ्या माणसानेच अन्नाकडे इतक्या आदराने पाहावे. याखेरीज द्राक्षांची तोडणी, खळ्यावरची मळणी, लग्नाची वरात असे काखेतीतले ऋतुचक्र त्याने पुन्हापुन्हा रंगवले. शहरात आयुष्य गेलेल्या या माणसाच्या चित्रांत गावच अधिक आहे. गुत्त्यात बसलेले त्याचे गिऱ्हाईकही बहुतेक गाव सोडून आलेलेच होते.

त्याच्या प्राण्यांविषयी थोडे सांगायला हवे. हरिण, अस्वल, कोकरू, गाढव हे त्याने पाहिलेले. जिराफ बहुधा न पाहिलेला. तरी त्याने काढलेला काळा-पांढरा जिराफ माणसासारख्या ओल्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहतो. या सगळ्या प्राण्यांचे डोळे सारखेच आहेत. ते चित्रकाराचे स्वतःचे असावेत, असे अनेकांना वाटत आले आहे.

आता मार्गारितेची गोष्ट, जिच्यामुळे पिरोस्मानीचे नाव चित्रकलेशी संबंध नसलेल्यांपर्यंतही पोहोचले. मार्गारिता नावाची एक फ्रेंच नर्तिका-अभिनेत्री तिफ्लिसमध्ये आली, पिरोस्मानी तिच्या प्रेमात पडला, आपले सर्वस्व विकून त्याने गाड्या भरभरून फुले आणली आणि तिच्या घरासमोरचा रस्ता फुलांनी झाकून टाकला. ती निघून गेली आणि हा कफल्लक झाला. रशियन लेखक पाउस्तोव्स्कीने ही कथा लिहून तिला पंख दिले. पुढे कवी वोझ्नेसेन्स्कीने तिच्यावर गीत रचले. रायमोंड्स पाउल्सची चाल आणि आल्ला पुगाचोवाचा आवाज लाभलेले ते गीत १९८२ पासून साऱ्या सोव्हिएत संघात घरोघरी गायले गेले. या कथेला भक्कम पुरावा नाही. दुधाचे दुकान तर त्याने नर्तिकेचे चित्र काढण्याच्या कितीतरी आधी सोडले होते. पुराव्यादाखल आहे ते १९०९ चे चित्र. पांढऱ्या झग्यातली, हातात फुलांचा गुच्छ घेतलेली, काहीशी अवघडून उभी राहिलेली स्त्री. तिच्याकडे पाहून गाडीभर गुलाबांची कथा सुचते हे खरे, पण तिच्यात मोह कमी आणि नवलच जास्त आहे. १९६९ मध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये पिरोस्मानीचे प्रदर्शन भरले असताना एक वृद्धा या चित्रासमोर येऊन उभी राही आणि ती मार्गारिताच होती, असेही म्हणतात. दंतकथा एकदा रुजली की तिला पालवी फुटतच राहते.

१९१२ च्या उन्हाळ्यात वेगळ्याच जगातली तीन तरुण माणसे या गुत्त्यांत शिरली. मूळचे तिफ्लिसचे किरिल आणि इलिया झ्दानेविच हे भाऊ आणि त्यांचा पीटर्सबर्गचा चित्रकार मित्र मिखाईल ले दांतू. रशियातल्या नव्या कलेच्या वाऱ्यात वाढलेले हे तरुण अकादमीच्या गुळगुळीत चित्रांना कंटाळले होते, लोककलेत आणि पाट्यांमध्ये जिवंतपणा शोधत होते. स्थानकाजवळच्या ‘वर्याग’ नावाच्या गुत्त्यात त्यांनी भिंतीवरची चित्रे पाहिली आणि ते थक्क झाले. चौकशी करत त्यांनी चित्रकाराला गाठले. १९१३ च्या आरंभी इलियाने तिफ्लिसच्या एका रशियन वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये मॉस्कोत लारिओनोव्हने भरवलेल्या ‘लक्ष्य’ नावाच्या प्रदर्शनात लारिओनोव्ह, गोंचारोवा, मालेविच, शगाल यांच्या कामाबरोबर पिरोस्मानीची चार चित्रे लागली. विसाव्या शतकाच्या कलेचा इतिहास घडवणाऱ्यांच्या पंगतीत पाट्या रंगवणारा हा माणूस बसला होता. तो स्वतः मात्र तिफ्लिसमध्येच होता. मॉस्कोच्या टाळ्यांनी त्याच्या रात्रीच्या जेवणाची सोय झाली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पिरोस्मानी उपेक्षित होता, असे सरसकट म्हटले जाते. गुत्तेवाल्यांनी त्याची उपेक्षा केली नव्हती. त्यांनी त्याची चित्रे आपल्या सर्वात चांगल्या भिंतीवर लावली, धुळीपासून जपली, त्याला खाऊपिऊ घातले. त्यांच्याजवळ जे होते ते त्यांनी दिले. दारू जरा जास्तच दिली, हा त्यांचा दोष. सुशिक्षितांची ओळख होण्याआधी दहा वर्षे या माणसाला आपले पाहणारे मिळाले होते. त्याचा आधार तुटला तो कलाजगताच्या दुर्लक्षाने नव्हे. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच रशियाच्या झारने साम्राज्यभर दारूबंदी लागू केली. गुत्ते एकामागून एक ओस पडले, काही बंद झाले, काही दुसऱ्याच धंद्याला लागले. भिंतींना चुना फासला गेला, पाट्या उतरल्या. चित्रकाराचे अन्न, निवारा आणि प्रदर्शनाची जागा हे तिन्ही एका हुकमासरशी गेले. किती चित्रे तेव्हा नष्ट झाली, याची गणती कोण करणार?

१९१६ मध्ये तिफ्लिसमधील सुशिक्षित चित्रकारांनी जॉर्जियन कलावंतांची संस्था स्थापन केली. दिमित्री शेवार्दनाद्झे हा तिचा प्रमुख आधार. या मंडळींनी पिरोस्मानीचा शोध घेतला आणि मे महिन्यातल्या एका बैठकीला त्याला सन्मानाने बोलावले. तो आला, बराच वेळ हात मांडीवर ठेवून गप्प बसला. मग त्याने एक सूचना केली. शहराच्या मध्यावर, सगळ्यांना जवळ पडेल असे एक मोठे लाकडी घर बांधावे, मोठे टेबल आणावे, मोठा सामोवार आणावा, आणि सगळ्यांनी चहा पीत चित्रकलेविषयी बोलावे. संस्थेचे नियम, वर्गणी, प्रदर्शने यांची चर्चा करायला जमलेल्या लोकांना या सूचनेचे काय करावे हे कळले नसणार. आयुष्यात घर न मिळालेल्या माणसाने कलावंतांच्या संस्थेकडून घरच मागितले होते, तेही एकट्यासाठी नव्हे.

संस्थेने त्याला थोडी मदत केली, त्याचे छायाचित्र काढवून घेतले. ते वर्तमानपत्रात छापून आले आणि पिरोस्मानी मनापासून सुखावला. तो आनंद फार टिकला नाही. काही दिवसांतच एका जॉर्जियन वर्तमानपत्रात त्याच्यावर व्यंगचित्र आले. त्यात अनवाणी, फाटक्या वेषातल्या पिरोस्मानीला एक समीक्षक उपदेश करत होता: शिकून घे, दहा-वीस वर्षांत बरा चित्रकार होशील, मग तुला तरुणांच्या प्रदर्शनात पाठवू. पन्नाशी उलटलेल्या माणसाला उद्देशून ही थट्टा होती. व्यंगचित्रकाराचा रोख कदाचित समीक्षकांवरही असेल. पण हजारो लोकांसमोर आपल्याला हसले गेले, एवढेच पिरोस्मानीला दिसले. गुत्त्यातल्या दारुड्यांनीसुद्धा त्याचा असा अपमान केला नव्हता. त्यानंतर तो या मंडळींच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. तरुण चित्रकार लादो गुदियाश्विली त्याला भेटायला जात असे, तेव्हा त्याला आढळला तो खंगलेला, चिडचिडा आणि संशयी झालेला माणूस. पुढे संस्थेने पुन्हा मदत पाठवू पाहिली, पण तोवर त्याचा ठावठिकाणा लागेना.

शेवटचे दिवस त्याने स्थानकाजवळच्या मोलोकान्स्काया रस्त्यावर काढले. २९ क्रमांकाच्या घरात जिन्याखालची एक अंधारी खोली त्याच्या वाट्याला आली होती. बाहेर क्रांती झाली होती, झारचे साम्राज्य कोसळले होते, तिफ्लिसमध्ये अन्नाची टंचाई होती. १९१८ च्या वसंतात, शेजारी राहणाऱ्या एका जोडे शिवणाऱ्याला तो तळघरात जमिनीवर निपचित पडलेला आढळला. त्याने आपल्याला ओळखले नाही, असे त्या शेजाऱ्याने नंतर सांगितले. गाडीत घालून त्याला इस्पितळात नेले आणि एक-दोन दिवसांतच तो गेला. कुपोषण आणि यकृताचा विकार ही कारणे. नीनो दफनभूमीत बेवारशांच्या रांगेत कोठेतरी त्याला पुरले. नेमके कोठे, याची नोंद झाली नाही. एप्रिलमध्ये तो गेला आणि २६ मे रोजी जॉर्जिया स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राला आपल्या चित्रकाराची गरज भासू लागली तेव्हा त्याची कबरही सापडेना.

मग शोध सुरू झाला तो चित्रांचा. किरिल झ्दानेविच आणि शेवार्दनाद्झे यांनी गुत्त्यांच्या अडगळीतून, दुकानांच्या माळ्यांवरून, घरांच्या भिंतींवरून एकेक मेणकापड गोळा केले. घडी पडलेले, तडे गेलेले, धुराने काळवंडलेले. तो एरवी क्वचितच सही करी, पण हात चुकण्यासारखा नव्हता. १९२६ मध्ये त्याच्यावरचा पहिला ग्रंथ निघाला. जॉर्जियाच्या राष्ट्रीय संग्रहालयातला आजचा संग्रह या धडपडीवर उभा आहे. शेवार्दनाद्झेला स्वतःला मात्र १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या. त्याच वर्षी मारला गेलेला कवी तित्सियान ताबिद्झे हाही पिरोस्मानीच्या आठवणी गोळा करणाऱ्यांपैकी एक. पॅरिसला स्थायिक झालेल्या इलिया झ्दानेविचने तरुणपणी लिहिलेला लेख १९७२ मध्ये पुस्तकरूपाने काढला. त्याच्यासाठी पिरोस्मानीचे कल्पनाचित्र कोरून दिले होते नव्वदी ओलांडलेल्या पिकासोने. त्याआधी १९६९ मध्ये गिओर्गी शेंगेलायाने पिरोस्मानीवर चित्रपट केला. त्यात नायकाची भूमिका करणारा अवतांदिल वाराझी हा व्यवसायाने चित्रकार. त्या चित्रपटातील चौकटी पिरोस्मानीच्या चित्रांसारख्याच संथ आणि समोर पाहणाऱ्या आहेत.

सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९५ मध्ये जॉर्जियाने स्वतःचे चलन काढले, तेव्हा एक लारीच्या नोटेवर पिरोस्मानीचा चेहरा छापण्यात आला. सर्वात लहान किमतीची, सर्वाधिक हातांतून फिरणारी नोट. हा योगायोग त्याला शोभणारा होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात, डोक्यावर ‘लेचाकी’ हे पारंपरिक वस्त्र घेतलेल्या जॉर्जियन स्त्रीचे त्याने काढलेले चित्र २२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. तिबिलिसीत अमाशुकेलीने घडवलेला त्याचा पुतळा आहे. त्यात तो गुडघे टेकून, कोकराला हातांत घेऊन बसला आहे. मोलोकान्स्काया रस्त्याला आता त्याचेच नाव आहे. २९ क्रमांकाच्या घरातली जिन्याखालची खोली संग्रहालय म्हणून जपली गेली आहे.